एका सप्तकाला एक व्होल्ट

गणपतीत प्रभादेवी, परळ, लालबागच्या रस्त्यांवर बेंजो पथक निघालं की त्यातली दोन वाद्यं जवळ जाऊन पाहावीत. एक खुद्द बेंजो. मूळचं ते बुलबुल तरंग: टाइपरायटरसारख्या कळा आणि खाली तारा असलेली लाकडी पेटी, आवाज जेमतेम खोलीपुरता. तारांखाली पिकअप बसवला, वायर काढून ॲम्प्लिफायरला जोडली आणि तेच वाद्य मिरवणुकीच्या अग्रभागी आलं. दुसरं ऑक्टापॅड. रोलँड कंपनीने १९८५ साली काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ रबरी पॅड. काठी पडली की ‘आता वाजव, इतक्या जोराने वाजव’ एवढा निरोप ते वायरीतून दुसऱ्या यंत्राला देई, आणि आवाज काढायचं काम ते दुसरं यंत्र करी. पोटात आवाज असलेली मॉडेलं नंतरची.

छोट्या ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये फेरफार करून त्याला बाहेरचा विद्युत संकेत ऐकायला लावणं हा विषय कानाला परका वाटतो. पण त्याच्यात ज्या दोन गोष्टी आहेत त्या गिरणगावाने केव्हाच आपल्याशा केलेल्या आहेत: वाद्य उघडून त्यात वायर घालणं, आणि वाजवणारा हात व आवाज काढणारी पेटी एकमेकांपासून सोडवणं. म्हणून या सगळ्या खटाटोपाकडे आपल्या गाण्या-वाजवण्याच्या बाजूने पाहावं, असं मला वाटतं. आजवर त्याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या गरजेतून. आपली गरज थोडी निराळी आहे.

आधी वाद्यांबद्दल. २०१० साली कॉर्ग कंपनीने ‘मोनोट्रॉन’ नावाचं तळहातावर मावणारं ॲनालॉग वाद्य बाजारात आणलं. पाच बटणं, बोट सरकवायची एक पट्टी, दोन बारीक सेल. त्यातला फिल्टर मात्र त्याच कंपनीच्या १९७८ सालच्या एमएस-२० या नावाजलेल्या वाद्याच्या वळणाचा. वाद्यात बाहेरचा आवाज घ्यायला जॅक होता, पण बाहेरून सूर किंवा ठोका सांगायला वाट नव्हती. कंपनीने त्याचा सर्किटचा नकाशा स्वतःच जाहीर केला आणि जगभर लोकांनी सोल्डरिंग आयर्न तापवले. पुढच्याच वर्षी आलेल्या मोनोट्राइबमध्ये आणि २०१३ पासूनच्या व्होल्का मालिकेत ठोक्यापुरता जॅक कंपनीनेच दिला. आज आर्तुरियाच्या मायक्रोब्रूटसारख्या छोट्या वाद्यांत सूर, ठोका, फिल्टर सगळ्यांसाठी तयार जॅक असतात. तरीही फेरफाराचा प्रश्न संपत नाही, कारण हाताशी असलेली, जुनी, स्वस्तात मिळालेली, आवाजाने आवडलेली वाद्यं बहुधा बिनजॅकचीच असतात.

जॅकमधून जातं काय? दाब, म्हणजे व्होल्टेज. रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास जी पद्धत रूढ केली तिचं सूत्र सोपं आहे: एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. १ व्होल्टला मध्य षड्ज धरला तर २ व्होल्टला तार षड्ज, ३ व्होल्टला त्याच्याही वरचा. एका सप्तकात बारा स्वर, म्हणून एका अर्ध्या स्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. ही पद्धत आपल्या देशात फार लवकर येऊन पोचली होती. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केलं. त्या ध्वनिफिती कित्येक दशकं पडून होत्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला. मुंबईत चित्रपटसंगीतात मूग आणला तो केर्सी लॉर्ड यांनी, सत्तरच्या दशकात.

कॉर्ग आणि यामाहाच्या काही जुन्या वाद्यांनी दुसरा रस्ता धरला. तिथे सप्तक वाढलं की व्होल्टेज दुप्पट होतं: १, २, ४, ८. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात, पण एकीचं वाद्य दुसरीला जोडलं की सूर लागत नाही. हा फरक भारतीय वादकाला एका व्यवहारी कारणासाठी ठाऊक हवा. आपल्याकडे गायकाप्रमाणे पट्टी बदलते. मूगच्या पद्धतीत काळी एकवरून काळी दोनवर जायचं तर सगळ्या संकेतात १६६.७ मिलिव्होल्टची एकच भर टाकायची. सा, ग, प सारे आपापलं अंतर राखून वर सरकतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक व्होल्टेज गुणावं लागतं. भर टाकायला एक बटण आणि दोन रेझिस्टर पुरतात, गुणायला जास्त सामान लागतं. म्हणून नव्याने जॅक बसवणाऱ्याने मूगची पद्धतच घ्यावी.

मग १९८३ साली मिडी आलं. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एका भाषेत बोलू लागली. मिडीने वादकांचं फार भलं केलं, पण ती आकड्यांची भाषा आहे. स्वर नंबर ६०, स्वर नंबर ६१. मधलं काही हवं असेल तर त्यासाठी वेगळा संदेश पाठवायचा. व्होल्टेजला मधलं म्हणून वेगळं काही नसतंच. ते एका स्वरावरून दुसऱ्यावर जातं तेव्हा वाटेतल्या प्रत्येक जागेला स्पर्श करत जातं. मींड म्हणजे हेच. आकाशवाणीने १९४० ते १९७१ एवढा काळ पेटी, म्हणजे हार्मोनियम, बंद ठेवली, त्यामागे तिचे ठरलेले स्वर आणि तिच्यातून न निघणारी मींड हा मोठा आक्षेप होता. प्रभादेवीतल्या ज्या कला अकादमीला पु. ल. देशपांड्यांचं नाव आहे ते पु. ल. स्वतः उत्तम पेटी वाजवत; पेटीत रस नाही असं कोण म्हणेल? पण आक्षेपाचा मुद्दा खरा होता, आणि मिडीच्या कीबोर्डने तोच मुद्दा नव्याने समोर आणला. एका छोट्या ॲनालॉग डब्याला व्होल्टेजची वाट करून देणं त्या मुद्द्याला दिलेलं फार स्वस्त उत्तर आहे. माझ्या दृष्टीने हे काम करण्याचं मुख्य कारण तेच.

ठोक्याची गोष्ट मात्र आधी घेतो, कारण ती सर्वांत सोपी आणि मुंबईत तिचा दाखला मोठा आहे. चरणजित सिंग यांनी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वर्षानुवर्षं गिटार आणि कीबोर्ड वाजवलं. १९८२ साली एचएमव्हीसाठी त्यांनी दहा रागांची एक तबकडी केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वाद्यं तीन, तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-८ हा कीबोर्ड, टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र. तेव्हा ती तबकडी फारशी चालली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली, आणि शिकागोत काही वर्षांनी जन्मलेल्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचं इतकं साम्य कसं, म्हणून जग थक्क झालं. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. त्या तीन यंत्रांना एका लयीत बांधायची सोय त्यांच्या मागच्या बाजूलाच आहे. ८०८ मधून पाच पिनांच्या सॉकेटातून ठोके बाहेर पडतात, एका मात्रेला चोवीस. ३०३ ते ऐकतं. ज्युपिटर-८ च्या अर्पेजिओला ठोका घ्यायला स्वतंत्र जॅक आहे. मिडी यायच्या वर्षभर आधी ही सोय वादकाच्या हातात होती. ३०३ ला सूर घसरवण्याची कळ आहे हेही रागाच्या कामाचं; तो ठरावीक वेळातच घसरतो, तरी घसरतो. त्या वाद्याचा फिल्टर, घसरण, आघात हे सगळं बाहेरून चालवता यावं म्हणून ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन व्हिटल यांनी नव्वदच्या दशकापासून ‘डेव्हिल फिश’ नावाने जे फेरफार केले, ते या विद्येतलं आजही पाहण्याजोगं काम आहे.

ठोका घेणारा जॅक बसवताना आपल्यापुढे एक अडचण येते, ती बाहेरच्या लिखाणात भेटत नाही. ठोक्याचा संकेत ‘पुढे चल’ एवढंच सांगतो; सम कुठे आहे ते सांगत नाही. सोळा पायऱ्यांचं यंत्र तीनतालाला आयतं जुळतं. रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा लावल्या आणि वाजवता वाजवता एक ठोका गळाला, की यंत्र पुढच्या प्रत्येक आवर्तनात समेला चुकत राहतं. व्होल्कात नको त्या पायऱ्या गाळून सात किंवा दहांचं आवर्तन करता येतं, पण गळालेला ठोका भरून निघत नाही. त्याला उपाय दुसऱ्या जॅकचा: दर समेला एक वेगळा संकेत येतो आणि यंत्र पहिल्या पायरीवर परततं. मॉड्युलर वाद्यांत याला रिसेट म्हणतात. यंत्र उघडलंच आहे तर ठोक्याच्या शेजारी रिसेटचा जॅकही घालावा. शिवाय एका मात्रेला किती ठोके हे प्रत्येक घराण्याचं वेगळं असतं. जुन्या रोलँडचे चोवीस, व्होल्काचे साधारणपणे दोन, मॉड्युलरमध्ये बहुधा चार. मध्ये भागाकार करणारी एक छोटी चिप लागते. ते काम अवघड नाही.

ठोक्याच्या खालोखाल गेट. स्वर सुरू कधी, बंद कधी, एवढं ते सांगतं: व्होल्टेज आहे तोवर कळ दाबलेली. इथे वायर थेट आत नेऊन जोडण्याचा मोह होतो तो आवरावा. बाहेरून ५ व्होल्ट, मॉड्युलरमधून कधी ८ किंवा १० व्होल्टही येतात, आणि तीन व्होल्टांच्या सेलवर चालणाऱ्या सर्किटला ते सोसत नाहीत. मधे पीसी-८१७ सारखा ऑप्टोकपलर घातला की प्रश्न मिटतो. त्याच्या एका बाजूला बारीक एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाशाने जागा होणारा ट्रान्झिस्टर. दोन्ही बाजूंत विजेचा संबंधच नाही. मिडीच्या सॉकेटमागेही पहिल्यापासून हीच युक्ती आहे. आपल्या जुन्या इमारतींत अर्थिंग कुठे असतं, कुठे नसतं, आणि मंडपात वीज जनरेटरवरून येते. अशा ठिकाणी दोन अडॅप्टरवरची दोन वाद्यं एका वायरीने जोडली की गुणगुण सुरू होते, कधी हाताला झिणझिण्याही येतात. ऑप्टोकपलर त्या वायरीतला विजेचा संबंध तोडतो, म्हणून गेट आणि ठोक्यासाठी तो लावावाच, असा माझा आग्रह आहे.

फिल्टरला बाहेरचा संकेत द्यायची एक जुनी वाट मला फार आवडते. एक एलईडी आणि एक एलडीआर समोरासमोर धरायचे आणि काळ्या श्रिंक ट्यूबमध्ये गच्च बंद करायचे. एलडीआरचे दोन पाय वाद्याच्या फिल्टरच्या बटणाच्या मधल्या आणि एका टोकाच्या पायाला जोडायचे. बाहेरून व्होल्टेज आलं की आत उजेड पडतो, एलडीआरचा विरोध उतरतो, आणि बटण कुणी फिरवल्यासारखा आवाज उघडतो. उजेड गेल्यावर एलडीआर लगेच पूर्वपदाला येत नाही, थोडा रेंगाळतो. त्यामुळे आवाज मिटतो तोही हळुवार. वाद्याचा नकाशा नसला तरी हे करता येतं, कारण बटणाचे तीन पाय डोळ्यांना दिसतात. हात बसवायला याहून चांगलं काम नाही.

सुराचं काम अवघड, आणि आपल्याला हवंय ते नेमकं हेच. छोट्या वाद्याच्या सर्किटात सूर ठरवणाऱ्या बिंदूला एका सप्तकाला एक व्होल्ट हे माप ठाऊक असेलच असं नाही. पट्टीच्या लांबीप्रमाणे कारखान्यात जे जमलं ते माप. म्हणून आधी मोजायचं. मल्टिमीटर लावून १ व्होल्ट द्यायचा, सूर लिहून घ्यायचा. मग २ व्होल्ट, पुन्हा सूर. सप्तक पुरं भरलं नाही तर मधे ऑप-अँप आणि एक बहुफेरी ट्रिमपॉट घालून माप जुळवायचं. कमी व्होल्टेजवर एमसीपी-६००२ सारखी चिप बरी. नेहमीच्या टीएल-०७२ ला अधिक-उणे असा दुहेरी पुरवठा लागतो. येणाऱ्या वायरीवर एक रेझिस्टर, आणि व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं तर ते वळवायला दोन डायोड. सामान चिमूटभर, पण जुळवणीला धीर लागतो. एक सप्तक जुळलं म्हणून सोल्डरिंग आयर्न खाली ठेवू नये. तीन सप्तकं तपासावीत.

आपल्या कानाला किती बारकावा लागतो तेही मोजून पाहण्यासारखं आहे. शुद्ध गांधार, षड्जाशी ५:४ या प्रमाणातला, मूगच्या मापाने षड्जाच्या वर ०.३२१९ व्होल्टवर बसतो. कीबोर्डचा गांधार ०.३३३३ वर. फरक ११.४ मिलिव्होल्टचा, आणि तंबोऱ्याबरोबर तो कुणालाही ऐकू येतो. पंचमाचा फरक दीड मिलिव्होल्टच्या आसपास, तो सहज खपून जातो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ते अंतर साडेएकवीस सेंटचं. आता पुष्कळ जण काय करतात, तर आर्डुइनोच्या तयार पिनेतून हे व्होल्टेज काढतात. तिथे ५ व्होल्टचे २५५ भाग होतात, म्हणजे एक पायरी १९.६ मिलिव्होल्टची, साडेतेवीस सेंटची. अख्खी श्रुती दोन पायऱ्यांच्या मधे पडून नाहीशी होते. त्याऐवजी एमसीपी-४७२५ सारखी बारा बिटांची चिप लावली की त्याच ५ व्होल्टचे ४०९६ भाग होतात आणि पायरी दीड सेंटवर येते. पाश्चात्त्य धाटणीच्या खर्जाला पहिली युक्ती पुरते. गांधाराला पुरत नाही.

दुसरा शत्रू उष्मा. व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर करणारे आतले ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे माप बदलतात, दर अंशाला साधारण तीनशेवा भाग. सर्किटात त्याची भरपाई नसेल तर खोली तीन अंश तापली की दोन सप्तकांवर चोवीस सेंटची तफावत पडते, म्हणजे पुन्हा एक श्रुती. पंख्याखाली जुळवलेलं वाद्य मे महिन्यात मांडवात नेलं की काय होईल ते यावरून कळावं. चांगल्या वाद्यांत त्यासाठी तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर त्या ट्रान्झिस्टरना चिकटवलेला असतो. स्वस्त वाद्यांत तो बहुधा गाळलेला. नसेल तर तंबोरा जसा मैफलीत पुन्हा पुन्हा मिळवतात तसंच हे वाद्यही मिळवत राहावं लागतं. समुद्राकाठची खारी हवा हा त्यात भर घालणारा भाग आहे. प्रभादेवीत खिडकीशी ठेवलेल्या वाद्याचे जॅक हिरवट पडायला दोन पावसाळे पुष्कळ झाले, आणि खराब जॅकमधून ठोका गेला तर तो गेलाच. सुराचं व्होल्टेज मात्र थोडं उतरून पोचतं, वाद्य बेसूर होतं आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

सामानाची फिकीर मुंबईत नाही. प्रभादेवीहून लोकलने लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड. उतरलं की लॅमिंग्टन रोड. ऑप्टोकपलर, एलडीआर, ३.५ मिलिमीटरचे मोनो जॅक, ट्रिमपॉट यांच्यासाठी त्या रस्त्यावर कुणाला डोकं खाजवावं लागत नाही. जॅक तेवढे निरखून घ्यावेत. सैल जॅक ही या कामातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत त्रासदायक खोड आहे. बेंजोला पिकअप बसवणारे, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर हे काम नकाशा समोर ठेवला तर सहज करतील. त्यांच्या हातात ड्राय सोल्डर राहत नाही, आणि नवख्याच्या हातून होणाऱ्या दहातल्या आठ चुका तिथेच असतात.

कोणतं वाद्य उघडावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा नकाशा मिळतो, ज्यात मोठे सुटे भाग आहेत आणि जे बिघडलं तर चालेल, तेच. ३०३ किंवा त्या पिढीतलं कुठलंही दुर्मीळ यंत्र हौसेसाठी उघडू नये. ते अनुभवी माणसाचं काम. ज्या वाद्यात सगळं एका काळ्या चिपमध्ये आहे तिथे व्होल्टेज शिरायला जागाच नसते. तिथे मिडी हाच रस्ता, आणि २०१८ पासून मिडीतही प्रत्येक स्वराला वेगळी मींड देणारी रीत मान्य झाली आहे. तिला कमी लेखू नये. घरोघरच्या इलेक्ट्रॉनिक तबल्यांचं मात्र वाईट वाटतं. रियाजासाठी महाराष्ट्रभर ते वापरले जातात, आवर्तनाचा हिशोब त्यांच्या पोटात तयार असतो, आणि माझ्या पाहण्यातल्या एकाही डब्यातून समेचा ठोका बाहेर काढायची वाट नाही. दिवा लागतो तिथूनच तो काढता येतो: समेला लुकलुकणाऱ्या एलईडीवर एक ऑप्टोकपलर बसवायचा, आणि मघाचा रिसेटचा जॅक त्याला जोडायचा. असं केलं की रूपकाच्या सात मात्रा तबल्याचा डबा मोजतो आणि सिंथेसायझर त्याच्या समेवर येतो.

राहिला हात. जॅक बसला, माप जुळलं, पण व्होल्टेज पाठवणार कोण? कीबोर्डवरून पाठवायचं तर पेटीवरचा आक्षेप पुन्हा दारात उभा. मोनोट्रॉनची स्वतःची पट्टी बोटभर लांबीची. तिच्यावर एक श्रुती शोधायला जागाच उरत नाही. पण पाचशे मिलिमीटर लांबीची दाबपट्टी वेगळी मिळते: बोट जिथे टेकेल त्या प्रमाणात व्होल्टेज देणारी. तिच्यावर दोन सप्तकं पसरली तर एका सप्तकाला अडीचशे मिलिमीटर येतात आणि श्रुतीच्या वाट्याला साडेचार मिलिमीटर. सतारीच्या किंवा व्हायोलिनच्या हाताला साडेचार मिलिमीटर म्हणजे ऐसपैस जागा आहे. पट्टीची दोन टोकं स्थिर ५ व्होल्टांच्या पुरवठ्याला, मधली वायर माप जुळवणाऱ्या ऑप-अँपला, बोट टेकल्याची खूण गेटला. आणि बोट उचललं की व्होल्टेज हवेत तरंगू नये म्हणून एक मोठा रेझिस्टर जमिनीला. पट्टीच्या कडेला पेन्सिलीने सा, ग, प यांच्या खुणा कराव्यात, तंबोरा लावावा, आणि गांधार कीबोर्डच्या जागेहून जवळपास तीन मिलिमीटर खाली लागतो ते बोटानेच पाहून घ्यावं.